बारा वाजेपर्यंत बाहेर

"काकूंना तेवढ्या वेळात ट्यूबिंगला पाठवू या का?"

"अगं, साठीला आलेल्या बाईला रबराच्या चाकात बसवून डोंगरावरून सोडणार?"

"मग काय हॉट टबमध्ये सोडू? साडी नेसवून?"

हसू फुटलं. कुणीतरी "हळू गं" म्हणालं. मी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून आईचे बूट कागदाने कोरडे करत होते. जिना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जॅकेटं टांगायची एक लाकडी भिंत होती, तेवढीच. काकू म्हणजे माझी आई. ती वर अंघोळ करत होती. पाण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

"पण त्या टिकली लावतात की अजून."

"लावू दे ना, माझं काय जातंय. पण आमच्या सासूबाई व्हिडिओवर असणार. त्यांना दिसलं तर पुढची संक्रांत येईपर्यंत मला ऐकावं लागेल."

"मी तर असलं काही मानतच नाही," हा आवाज ताईंचा. "पण एकीसाठी सगळ्यांचा मूड कशाला घालवायचा? दहा ते बारा. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

वॉटर्लूत मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहते त्या ताई. मी इथे कॅनडात शिकायला आले तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे, आता नोकरी लागली तरी. त्यांनी मला विंटर टायर घालायला शिकवलं, ताप आला तेव्हा वरून खिचडी पाठवली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या वाईट असत्या तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

त्या वर्षी रथसप्तमी नेमकी फॅमिली डेच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या सोमवारच्या सुट्टीच्या, लाँग वीकएंडला लागून आली. कॉलिंगवुडजवळच्या एका स्की रिसॉर्टमध्ये आठ कुटुंबांनी मिळून एक मोठं शॅले, म्हणजे लाकडी बंगला, भाड्याने घेतलं होतं. सगळे सॉफ्टवेअरवाले, निम्मे वॉटर्लूचे, निम्मे मार्कहॅमचे. स्कीइंग त्यातल्या एकालाही येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकाने शिकायचा प्रयत्न केला होता, आणि लिफ्टचं तिकीट त्याच्या जॅकेटच्या चेनला तेव्हापासून लटकत होतं. फोटो काढायच्या वेळी ते जॅकेट आळीपाळीने सगळे घालायचे. बाकी वेळ खाणं, पत्ते, गावातले बार, बर्फातली शेकोटी आणि हॉट टब. आणि शनिवारी बायकांचं हळदीकुंकू. ते सकाळी ठेवलं होतं, कारण भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ असतात आणि सासवा जाग्या असतात. रथसप्तमी खरं तर शुक्रवारीच होऊन गेली होती. पण परदेशात एक दिवस इकडेतिकडे चालतं, असं सगळ्यांचं ठरलं.

बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. ती येणार हे कळल्यावर ताईंनी तिला स्वतः फोन केला होता. "काकू, खणाचे बटवे इथे चांगले मिळत नाहीत हो. वाणाला द्यायला आणाल का?" आईने आणले नाहीत, शिवले. पंचवीस बटवे, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची नाडी. आणि गुरुवारी बेसमेंटमधल्या माझ्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर तिने तिळाचे लाडू वळले. पाक गरम असतानाच वळावे लागतात, नाहीतर फुटतात. तिचे तळवे शुक्रवारपर्यंत लाल होते. ताईंनी एक लाडू खाऊन डोळे मिटले होते. "काकू, तुमच्या हाताला काय चव आहे!"

आईला हळदीकुंकू लावून घ्यायचं होतं असं मला वाटत नाही. ती तीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवत होती, कुठे थांबायचं ते तिला कळतं. तिला फक्त बटवे वाटले जाताना बघायचे होते. कुणाला कुठल्या रंगाची नाडी आवडते, एवढंच. गाडीत ती मला म्हणालीही होती, "मी आपली स्वयंपाकघरात बसेन, लाडू लावून देईन ताटलीत."

मी बूट खाली ठेवला तो आवाज झाला. ताई जॅकेटांच्या कडेने डोकावल्या. त्यांना कळलं की मी ऐकलं. मलाही कळलं की त्यांना कळलं.

"अगं, तू इथेच आहेस होय! बरं झालं. आईंना जरा ट्यूबिंगला घेऊन जा ना. एवढ्या लांब आल्यात, नुसतं घरात कशाला बसायचं? गोंडोला आहे, गाव आहे. मस्त बारापर्यंत फिरून या."

"चालेल," मी म्हणाले.

मी नेहमीच चालेल म्हणते. पाचसात माणसांच्या वर कुणी असलं की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही. मराठीत बोलले की माझ्या इंग्लिश मीडियमवरून विनोद होतो, इंग्रजीत बोलले की त्याहून जास्त होतो. म्हणून मी हा एक शब्द घोटून ठेवला आहे.

मार्कहॅमच्या एक मैत्रीण मागून म्हणाल्या, "तुझा बटवा बाजूला ठेवू हं आम्ही. तू कुमारिका, तुला चालतं."

त्यावरही मी मान डोलावली.

आई खाली आली ती नवी साडी नेसून. काळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. संक्रांतीची म्हणून पुण्याहून आणलेली. केस ओले होते, कपाळावर तिची नेहमीची मरून टिकली.

"आई, कपडे बदल. आपण बाहेर चाललोय."

"आत्ता? दहा वाजता ना हळदी..."

"आपल्याला ट्यूबिंगचा स्लॉट मिळालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताईंकडे बघितलं. ताई हसून म्हणाल्या, "जा हो काकू, मज्जा करा! इथलं आम्ही बघतो." आईने लाडवांच्या डब्याकडे एकदा पाहिलं आणि वर गेली. ती पंजाबी ड्रेसवर दादांची, म्हणजे ताईंच्या नवऱ्याची, बर्फात घालायची पँट चढवून आली. पँट तिच्या काखेपर्यंत येत होती. एकीने फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला.

तिला ते आदल्या संध्याकाळीही हसले होते. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं गाव आहे. गाव कसलं, रिसॉर्टनेच बांधलेलं. दगडी रस्ता, दिव्यांच्या माळा, मिठाईचं दुकान, बार. तिथे आम्ही फाँड्यू खायला गेलो होतो. मधोमध वितळलेल्या चीजचं भांडं, आणि लांब काट्याने पावाचे तुकडे त्यात बुडवायचे. त्यात वाइन असते हे कळल्यावर आईने काटा खाली ठेवला आणि नुसता पाव खात बसली.

"काकू, इथे येऊन कोरडा पाव खाताय? तो तर पुण्यात पण मिळतो!" कुणीतरी टेबलाच्या त्या टोकाहून ओरडलं.

"मिळतो की," आई म्हणाली. "पण इतका कडक झाला की तिकडे आम्ही टाकून देतो."

सगळे हसले, या वेळी तिच्या बाजूने. बाबा गेल्यापासून तिने केलेला पहिला विनोद होता तो. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला, की पुरे. ती गप्प झाली. मग पुरुष बँड ऐकायला बारमध्ये गेले, बायका शॅलेवर परतल्या, आणि आई रात्रीच्या खिचडीला लागली.

ट्यूबिंगच्या टेकडीवर थंडी कानाला चावत होती. वर जायला सरकता पट्टा असतो. त्यावर आई दोन्ही हात पसरून उभी राहिली, तारेवर चालल्यासारखी. वर एक मुलगी ट्यूब धरून उभी होती. तिने आईला बसवलं, पकडायचे पट्टे हातात दिले आणि विचारलं, गोल फिरवू का? मी आईला न विचारता हो म्हणाले. का म्हणाले ते मला अजून माहीत नाही. कदाचित कुणावर तरी राग काढायचा होता आणि आई सगळ्यात जवळ होती.

तिने आईला गरकन फिरवून सोडलं. आई ओरडत खाली गेली. माझी ट्यूब मागोमाग पोचली तेव्हा ती बर्फात ट्यूबमध्ये आडवी पडली होती आणि तिच्या घशातून कसलातरी आवाज येत होता. मला वाटलं लागलं. ती हसत होती. हसता हसता तिला उठता येत नव्हतं.

"ह्यांना दाखवायला हवं होतं गं," ती म्हणाली. "ह्यांनी तर पँटमध्येच..." आणि पुन्हा हसायला लागली.

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

आम्ही सहा वेळा खाली आलो. तिला खरंच आवडलं होतं. सहाव्या वेळेनंतर तिने लोकरीची टोपी काढून घाम पुसला आणि तिची टिकली टोपीत राहिली. तिने हातमोजे काढले, टोपी उलटी केली, लोकरीत बोटांनी चाचपलं. मिळाली नाही.

"पर्समध्ये पाकीट आहे ना माझं?"

पर्स माझ्या खांद्याला होती. पाकीटही होतं, मला हाताला लागलं.

"राहू दे आई," मी म्हणाले. "आज नको लावूस."

ती थांबली. मग टोपी पुन्हा घातली, भुवयांपर्यंत ओढून.

गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, वाऱ्यामुळे बंद होता. गावात पॅनकेकच्या दुकानाबाहेर रांग होती. पाऊण तास लागेल, असं सांगून त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला. कॉफीच्या दुकानात एक खुर्ची रिकामी नव्हती. लाँग वीकएंड होता, अर्धं टोरांटो तिथे आलं होतं. आम्ही मिठाईच्या दुकानात शिरलो, सगळ्या बरण्या बघितल्या, बाहेर आलो. टोप्यांच्या दुकानात शिरलो, बाहेर आलो. आईच्या बुटात पाणी गेलं होतं. पाऊल टाकताना पच्‌पच् वाजत होतं. चौकात गॅसची शेकोटी पेटवलेली होती, तिच्याभोवती मुलं मार्शमॅलो भाजत होती. आम्ही तिथे आचेवर हात धरून उभ्या राहिलो.

"किती वाजेपर्यंत बाहेर राहायला सांगितलंय?" आईने विचारलं. तिची नजर शेकोटीवर होती.

"कुणी काही सांगितलं नाहीये."

"बरं."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी वर खोलीत बसले असते गं. दार लावून. पुस्तक आणलंय मी."

तेव्हा मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. खरं काय झालं ते लिहायचं असेल तर मी असं म्हणाले: "आई, प्लीज. मला तिथेच राहायचंय अजून. तू निघून जाशील परत. उगाच सगळ्यांसमोर काही सुरू करू नकोस."

"मी कधी काय सुरू केलंय?" ती म्हणाली. तेही हळूच, आजूबाजूला मराठी कुणी नाही ना हे बघून.

मी ताईंना मेसेज केला: येऊ का, आईचे पाय भिजलेत. लगेच उत्तर आलं. "अजून अर्धा तास प्लीज, आत्ता कुठे उखाणे सुरू झालेत." पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. त्याच मिनिटाला ग्रुपवर फोटो येऊन पडले. शॅलेमधल्या विजेच्या शेकोटीसमोर सगळ्या काळ्या साड्यांत ओळीने बसलेल्या, साडीखालून जाड लोकरी मोजे दिसत होते. पुढे ताटलीत लाडू रचलेले, चांगले रचलेले नव्हते. टोपलीत बटवे. मी फोन खिशात टाकला, पण आईच्या फोनवरही तोच ग्रुप होता. ताईंनीच तिला त्यात घेतलं होतं, आल्या दिवशी, कौतुकाने. तिने हातमोजा काढला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बघत राहिली.

"जांभळ्या नाडीचे पहिले संपले," ती म्हणाली.

तिचे ओठ त्या नाडीच्या रंगाचे झाले होते. मी म्हणाले, चल.

बाराला वीस मिनिटं कमी असताना मी शॅलेच्या दाराचा कोड दाबला. माझा बेत असा होता की दारातूनच आईला डावीकडच्या जिन्याने वर न्यायचं. ते घर कसं आहे ते मी विसरले होते. दार उघडलं की समोर सगळा हॉल. आम्ही थंड हवेच्या झोतासकट आत आलो आणि उखाणा अर्ध्यात थांबला.

आईचा चष्मा गरम हवेने पांढरा झाला. तिला काहीच दिसत नसणार. ती चष्मा काढून, टोपी काढून, डोळे बारीक करून उभी राहिली. काखेपर्यंत आलेली पँट, विस्कटलेले केस, उघडं कपाळ.

शेकोटीवरच्या फळीवर लॅपटॉप ठेवला होता आणि त्यात चार चौकटींत चार सासवा होत्या. मार्कहॅमच्या मैत्रीण झटकन उठल्या आणि लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला. "आई, बघा, बघा बाहेर केवढा बर्फ! दिसतंय का?" लॅपटॉपमधून एक आवाज आला, "मगाशी दाखवलास की."

"काकू, लवकर आलात!" ताई म्हणाल्या. "दमला असाल ना? वर जाऊन पडा हवं तर."

"हो, हो. जातेच," आई म्हणाली. आणि बूट काढायला वाकली. ओल्या बुटांची चेन अडकली. ती ओढत राहिली, आणि सगळ्या तिची चेन निघायची वाट बघत राहिल्या. मीसुद्धा.

त्या घोळक्यात एक मॉन्ट्रियलची गोरी बाई होती, आमच्यातल्या एकाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिला कुणीतरी साडी नेसवली होती आणि ती त्यात जपून चालत होती. सकाळभर तिला शिकवलेलं सगळं ती मन लावून शिकली होती. ती हातात बटवा घेऊन आईसमोर आली. इंग्रजीत म्हणाली, हे तुम्ही केलंत? हाताने? मला सांगितलं यांनी. मग तिचं लक्ष आईच्या कपाळाकडे गेलं. ती वळली, तबकातला कुंकवाचा करंडा उचलला, अनामिका त्यात बुडवली. अनामिकाच, बरोबर. आणि हसत हसत आईकडे निघाली.

आई एक पाऊल मागे सरकली. तिची पाठ दाराला लागली.

ताईंनी मधेच त्या बाईचं मनगट धरलं, अगदी हलक्या हाताने. "नो, नो, स्वीटी. शी हॅज अ हेडेक."

ती बाई गोंधळली. डोकं दुखतं म्हणून कुंकू का लावायचं नाही, हे तिला कळेना. तिने आईकडे पाहिलं. बोट तसंच वर धरलेलं, लाल.

"यस," आई म्हणाली. तिने एक हात कपाळाला लावला, दुखतं त्या माणसासारखा. "हेडेक. लिटल." आणि हसली. तिने सगळ्यांनाच सोडवलं होतं. ताईंनी हात सोडला, कुणीतरी बांगड्या सारख्या केल्या, लॅपटॉप हळूहळू परत फळीवर आला. आई एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशी जिन्याकडे निघाली, कपाळावरचा हात न काढता. ती नुसती वर पोचली असती तर सगळं नीट पार पडलं असतं. दीड वर्ष आम्ही दोघी 'ते गेल्यापासून' म्हणत होतो, किंवा 'ते झाल्यापासून'. त्याहून जास्त कधी म्हटलं नव्हतं.

"अगं, ये ना तू," ताई मला म्हणाल्या. त्यांनी एक बटवा पुढे केला. पिवळी नाडी. "तुझा ठेवलाय. आईंना पडू दे जरा, डोकं दुखतंय त्यांचं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी चालेल म्हणेन म्हणून थांबल्या होत्या. आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. तीही थांबली आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिने किंचित मान हलवली. नको, अशी.

"तिचं डोकं दुखत नाहीये," मी म्हणाले. "तिचा नवरा मेलाय."